दीपमाळ आणि कासव : एका निवांत माहजाँग गेमच्या कामाच्या नोंदी

७ जून

आजपासून नोंदी ठेवायला घेतल्यात. प्रकल्प असा की गोडो ४ मधे (हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक माहजाँग सॉलिटेअर बनवायचंय, फोनवर आणि ब्राउझरमधे दोन्हीकडे चालेल असं. चौघांनी टेबलाभोवती बसून खेळायचं खरं माहजाँग नाही, एकट्याने खेळायचं ते, ज्यात टाइल्सचा ढीग रचलेला असतो, सारख्या दोन शोधून उचलायच्या आणि ढीग संपला की डाव जिंकला. नियम एका वाक्यात सांगता येतो: टाइलवर दुसरी टाइल नको आणि डावी किंवा उजवी यातली निदान एक बाजू मोकळी हवी, तरच ती उचलता येते.

असे गेम स्टोअरवर ढिगाने आहेत हे माहितीये. पण बहुतेकांत वर टायमर पळत असतो, दर डावानंतर जाहिरात, कोपऱ्यात नाणी, आणि एक दिवस खेळलं नाही की स्ट्रीक तुटली म्हणून नोटिफिकेशन. मला यातलं एकही नकोय. संध्याकाळी जेवण झाल्यावर दहा मिनिटं हातात घेतला आणि मधेच कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून दिला तरी काही बिघडलं नाही पाहिजे.

पूर्ण संच १४४ टाइल्सचा. बांबू, ठिपके आणि आकडे या तीन प्रकारांत १ ते ९, प्रत्येकी चार, म्हणजे १०८. चार दिशांचे वारे चार-चार, १६. तीन ड्रॅगन चार-चार, १२. शिवाय चार फुलं आणि चार ऋतू, हे मात्र एकेकच. फुलाशी कुठलंही फूल जुळतं आणि ऋतूशी कुठलाही ऋतू. हा एकच अपवाद आहे आणि नवीन माणूस हमखास इथेच अडतो, त्यामुळे पहिल्याच डावात हे समजावून द्यायची सोय हवी (कशी ते नंतर बघू).

९ जून

चित्रं काढायला वेळ लागेल म्हणून तात्पुरतं युनिकोड वापरलं. २००८ च्या ५.१ आवृत्तीपासून युनिकोडमधे माहजाँगच्या टाइल्सचा वेगळा ब्लॉक आहे, ४४ चिन्हं, त्यात जोकर आणि टाइलची पाठ पण आहे. एक गंमत दिसली, बाकी सगळ्या टाइल्स काळ्या रेघांच्या आणि लाल ड्रॅगन तेवढा रंगीत, कारण या अख्ख्या ब्लॉकमधला तो एकटाच इमोजी म्हणून धरलेला आहे. कामचलाऊ म्हणून ठीक.

१२ जून

आज कोड कमी आणि वाचन जास्त झालं, पण या वाचनाने गेमची दिशा ठरली म्हणून नीट लिहून ठेवते.

हा एकट्याने खेळायचा प्रकार कॉम्प्युटरवर आणला ब्रॉडी लॉकार्डने, १९८१ मधे, प्लेटो नावाच्या, शिक्षणासाठी बनवलेल्या कॉम्प्युटर सिस्टीमवर. हा स्टॅनफर्डचा विद्यार्थी, जिम्नॅस्टिक्स करायचा, ट्रँपोलिनवरच्या अपघातात मानेखालचं शरीर निकामी झालं. त्यानंतर तोंडात काठी धरून एकेक की दाबत त्याने हा गेम लिहिला. पुढे १९८६ मधे अ‍ॅक्टिव्हिजनने तोच 'शांघाय' नावाने काढला आणि तिथून तो जगभर गेला. विंडोजच्या एंटरटेनमेंट पॅकमधे १९९० ला 'ताइपेइ' आला, मग व्हिस्टाबरोबर 'माहजाँग टायटन्स', जो आपल्याकडे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कितीतरी लोकांनी जेवणाच्या सुट्टीत खेळलाय.

म्हणजे ज्याला घाई करता येत नाही, ओढता येत नाही, दोन की एका वेळी दाबता येत नाहीत, अशा माणसाच्या हातून हा गेम घडलाय, आणि नियम बघितले तर ते त्यात दिसतंच. एक टाइल निवडा, दुसरी निवडा, बास. टायमर वगैरे ही वरून चढवलेली पुटं आहेत. म्हणून भिंतीवर कागद चिकटवलाय: सगळं एका टॅपमधे झालं पाहिजे. ड्रॅग नाही, डबल टॅप नाही, दाबून धरणं नाही, वेळेची अट तर नाहीच. पुढे कुठलंही फीचर सुचलं की आधी या कागदापुढे उभं करायचं.

१५ जून

मांडणीचा डेटा. सगळ्यात प्रसिद्ध मांडणी म्हणजे कासव. पाच थर, खालून वर ८७, ३६, १६, ४ आणि १. वरचे थर सरळ चौरस आहेत, ६ गुणिले ६, ४ गुणिले ४, २ गुणिले २. खालच्या थरात आठ ओळी, १२, ८, १०, १२, १२, १०, ८, १२ अशा, त्या झाल्या ८४. उरलेल्या तीन म्हणजे डावीकडे एक आणि उजवीकडे एकामागे एक दोन, आणि खरी मेख त्यांच्यात आहे. त्या कुठल्याच ओळीत बसत नाहीत, मधल्या दोन ओळींच्या बरोब्बर मधोमध, अर्ध्या उंचीवर असतात, त्यामुळे डावीकडची एक टाइल दोन्ही ओळींची तोंडं अडवून बसते. शिखरावरची एकटी टाइलही खालच्या चारांच्या मधोमध.

त्यामुळे साधा ओळ-स्तंभ चालत नाही, अर्ध्या मापाचा ग्रिड घ्यावा लागतो. प्रत्येक टाइल दोन बाय दोन घरं व्यापते, कासवाला ३० बाय १६ घरं लागतात. मग मोकळी आहे का ते तपासणं सोपं होतं: डावीकडे दोन घरं सोडून त्याच ओळीत किंवा अर्ध्याने वर किंवा अर्ध्याने खाली कुणी आहे का, तसंच उजवीकडे, आणि वरच्या थरात आजूबाजूच्या नऊ जागांपैकी कुठे कुणी बसलंय का. संपलं. हे फंक्शन गेमचं काळीज आहे, त्याच्या टेस्ट लिहूनच पुढे गेले.

१९ जून

फोनवर पहिल्यांदा लावून बघितलं आणि कासवाचं गणित सरळ दिसलं. साध्या अँड्रॉइड फोनची रुंदी ३६० डीपी (अँड्रॉइडमधलं पडद्यावरचं माप) धरली आणि कासव १५ टाइल्स रुंद, म्हणजे एका टाइलला २४ डीपी. गूगलच्याच डिझाइनच्या नियमात बोट टेकवायची जागा निदान ४८ डीपी हवी असं आहे. म्हणजे निम्मी! फोन आडवा केला तरी फार फरक पडत नाही कारण मग उंची कमी पडते, वरच्या पट्ट्या सोडून ३२० राहिली तर आठ ओळींना ४० आणि टाइल उभट असल्यामुळे रुंदी ३०. झूम आणि पॅन देता आलं असतं पण ते कागदापुढे टिकत नाही, शिवाय झूम केल्यावर अर्धा पट दिसत नाही आणि मग जोडी शोधण्यात मजा काय राहिली, जोडीदार पडद्याबाहेर असायचा.

ठरलं. कासव फक्त टॅबलेट आणि ब्राउझरसाठी. फोनसाठी उभ्या मांडण्या स्वतः करायच्या, सात टाइल्सपेक्षा रुंद नाही (३६० भागिले ७, एक्कावन्न डीपी, छान).

२२ जून

उभी, खाली रुंद, वर निमुळती होत जाणारी वस्तू म्हटल्यावर दीपमाळच डोळ्यापुढे आली. जेजुरीला पायऱ्या चढताना किती दिसतात. कागदावर चौकटी आखून मांडली आणि आकडे जमले: पहिल्या थरात खालून वर ७, ७, ५, ५, ५, ३, ३, ३, १ म्हणजे ३९, दुसऱ्या थरात २२, तिसऱ्यात ९ आणि सगळ्यात वर पायथ्याशी मधोमध २. एकूण ७२, बरोबर अर्धा संच! अठरा चेहरे प्रत्येकी चार वेळा, छत्तीस जोड्या. एका हातात फोन धरून अंगठ्याने सगळीकडे पोचता येतं, फक्त कळसाच्या एक-दोन टाइल्सना बोट जरा ताणावं लागतं, म्हणून अख्खी मांडणी थोडी खाली सरकवली आणि बटणं वर नेली.

अजून तीन मांडण्या मनात आहेत: तुळशी वृंदावन, घाटाच्या पायऱ्या, आणि एक अगदी छोटी ३६ टाइल्सची, सिग्नलला थांबलेल्या रिक्षात मागे बसून संपेल अशी.

२६ जून

टाइल्स वाटायच्या कशा. नुसत्या पत्त्यांसारख्या पिसून ठेवल्या तर काही डाव सुटतच नाहीत, कितीही डोकं लावलं तरी. कासवावर २०१२ मधे झालेला एक अभ्यास वाचला, खालच्या सगळ्या टाइल्स उघड्या दिसत असल्या तरी साधारण ३ टक्के वाटप सुटू शकत नाहीत. आणि हे प्रमाण खालचं सगळं दिसतंय असं धरून आहे. खेळणाऱ्याला खालचं दिसत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात डाव त्याहून कितीतरी जास्त वेळा अडकतो. शंभरात तीन म्हणजे थोडे वाटतात, पण दिवसभर दमून आलेल्या माणसाने वीस मिनिटं घालवायची आणि डाव मुळातच खोटा निघायचा, हे माझ्या गेममधे एकदाही नको.

म्हणून वाटप उलट बाजूने. सगळ्या जागांवर कोऱ्या टाइल्स ठेवायच्या, मोकळ्या जागांपैकी दोन निवडायच्या, त्यांना एकच चेहरा द्यायचा, त्या काढून टाकायच्या, परत दोन निवडायच्या. ढीग संपला की ज्या क्रमाने काढल्या तोच एक खात्रीचा उलगडा. पण आंधळेपणाने निवडत गेलं तर मधेच अडतं. दीपमाळेत हे लगेच दिसलं: कडेच्या सगळ्या निघून जातात आणि पायथ्याचा मधला चार थरांचा खांब तेवढा उरतो, एकावर एक चार, एका वेळी मोकळी एकच, दुसरी आणायची कुठून. म्हणून निवडताना ज्या जागेखाली जास्त थर आहेत तिला जास्त वजन दिलं. खांब आधी खाली येतो आणि वाटप क्वचितच अडतं, अडलंच तर पहिल्यापासून, वेळ लागत नाही.

वजन फार वाढवलं तर मात्र जोड्या कायम वरच्यावर सापडतात आणि डाव फिका होतो. मधला आकडा हाताने खेळून खेळून ठरवला. हे काम असंच होतं, फॉर्म्युला नाही.

२७ जून

छोटी नोंद. गोडोमधलं यादी पिसायचं तयार फंक्शन (शफल) कायम ग्लोबल रँडम वापरतं, आणि मला 'आजचा डाव' सगळ्यांना सारखा द्यायचाय, तारखेवरून सीड काढून (सीड म्हणजे तो आकडा ज्यावरून सगळी पिसाई ठरते). त्यामुळे फिशर-येट्स ही पिसायची पद्धत स्वतःच लिहिली, पाच ओळी.

३ जुलै

समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना दाखवलं. त्यांचे मिस्टर एअरफोर्समधे होते, आणि आपल्याकडे माहजाँग टिकलंय ते मुख्यतः फौजेतल्या बायकांच्या मंडळांमधे आणि काही जुन्या क्लबांमधे, त्यामुळे काकू खरं माहजाँग कित्येक वर्षं खेळतायत. पहिलं वाक्य, "हे माहजाँग नाही गं." मी म्हटलं, "नाही काकू, टाइल्स त्याच, खेळ वेगळा." मग चष्मा लावून बसल्या आणि नियम कळल्यावर त्यांची नजर माझ्यापेक्षा कितीतरी जलद फिरायला लागली, कारण त्यांना टाइल वाचावी लागत नाही, ओळखीच्या माणसासारखी दिसते. एक बांबूच्या टाइलवर बांबू नसून पक्षी असतो, तिथे नवीन लोक गोंधळतात, काकू थांबल्यासुद्धा नाहीत.

पण त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे त्यांचा संच रेकॉर्डिंगसाठी. लाकडी टेबलावर जाड चादर टाकून एकेक टाइल ठेवली, दोन एकमेकींवर टेकवल्या, मूठभर ढवळल्या, सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. टाइल टाइलवर टेकते तेव्हाचा तो छोटा, भरीव, कोरडा आवाज स्टॉक साउंडमधे कुठेच नव्हता. गेममधे त्याचे काही वेगळे नमुने आलटून पालटून वाजतात आणि पिच दर वेळी किंचित बदलते, नाहीतर दहाव्या जोडीला कान किटतात.

दुसरी गोष्ट, "तुझे आकडे मला येतात, तुझ्या आईला कसे येतील?" अगदी खरं. आकड्यांच्या टाइल्सवर चिनी अक्षरं असतात.

८ जुलै

चित्रं. काढायच्या आधी त्यामागचं वाचलं. माहजाँग आलंय चीनमधल्या जुन्या पत्त्यांच्या खेळांतून आणि त्या पत्त्यांवर होते पैसे. ठिपके म्हणजे भोकाची नाणी, बांबू म्हणजे दोरीत ओवलेल्या नाण्यांच्या माळा, आकड्यांच्या टाइल्स म्हणजे दहा-दहा हजार. हे कळल्यावर बांबूच्या कांड्या काढायची पद्धतच बदलली, नुसत्या हिरव्या काड्यांऐवजी मधे गाठी असलेल्या, माळेसारख्या काढल्या आणि त्या लहान आकारातही उठून दिसायला लागल्या.

सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे तिथले जुने गोल पत्ते, वापरून मराठी संच करावा असा मोह झाला होता. दशावतारी गंजिफेत १२० पानं, दहा अवतारांची बारा-बारा. प्रेमात पडावी अशी चित्रं आहेत, पण ती गोल पानं हातात धरून सावकाश बघायची. अंगठ्याच्या नखाएवढ्या उभ्या टाइलवर मत्स्य आणि कूर्म यांच्यातला फरक दिसत नाही, आणि त्या कारागिरीला असं चेपून बसवणं मला पटत नाही. गंजिफेचा वेगळा गेम व्हावा, गंजिफेच्याच नियमांनी.

तर चिनी टाइल्सच ठेवल्या आणि कोपऱ्यात छोटा देवनागरी आकडा दिला, सेटिंगमधून बंद करता येतो. वाऱ्यांना पू, द, प, उ दिलं होतं पण लहान आकारात पू आणि प एकच दिसतात, त्यामुळे अक्षरं काढून टाकली आणि टाइलच्या कडेला एक जाड खूण केली, उत्तरेला वर, पूर्वेला उजवीकडे, नकाशावर असते तशी. लाल-हिरव्यात फरक न दिसणाऱ्यांसाठी दोन ड्रॅगनचे आकारही मुद्दाम वेगळ्या जाडीचे केले. आठ बांबूची ती नागमोडी रचना काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि आता सगळ्या संचात तीच सर्वात सुंदर झालीये.

मोकळ्या आणि अडकलेल्या टाइल्समधला फरक. बरेच गेम अडकलेल्या काळपट करतात. मी करून बघितलं, पट अर्धा मेल्यासारखा दिसतो आणि शोधण्याचं कामही संपतं. त्याऐवजी सावली नीट केली, प्रकाश एकाच बाजूने, वरचा थर थोडा डावीकडे-वर सरकलेला, आणि जाडीची कड दिसेल अशी. आता कुठली टाइल कुणाच्या वर आहे ते न सांगता कळतं.

१४ जुलै

आईने साताऱ्याहून फोन केला, "अगं ते शेवटी चारच उरतात आणि जुळतच नाहीत." स्क्रीनशॉट पाठवला. डाव सुटणारा होता, पण चार सारख्या टाइल्सपैकी कुठल्या दोन आधी काढायच्या तिथे वाट चुकते. म्हणजे सुटणारा डाव देणं पुरेसं नाही. अडकल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे.

नेहमीचा उपाय म्हणजे उरलेल्या परत पिसून देणं. त्यात दोन अडचणी आहेत. एक, उरलेल्या दोन टाइल्स एकमेकींवर असतील तर कितीही पिसा, वरची मोकळी आणि खालची दबलेली, सुटणार नाहीच. आणि दुसरी माझ्या मनाला जास्त लागते: आईने तासभर लक्षात ठेवलेला पट एका क्षणात दुसराच होतो. ती ज्या डावाशी झगडत होती तो डावच गेला.

१७ ते २० जुलै

उपाय सापडला आणि तो या अख्ख्या प्रकल्पातला मला सर्वात आवडलेला भाग आहे.

बटणाचं नाव 'वाट सापडेपर्यंत मागे'. दाबलं की गेम शेवटच्या अशा चालीपर्यंत मागे जातो जिथून डाव अजून सुटू शकत होता. पट तोच, टाइल्स त्याच, फक्त जिथे फाटा फुटला तिथे नेऊन सोडतो, आणि पुढची चाल सांगत नाही.

यासाठी सॉल्व्हर लागतो, म्हणजे डाव सुटतो का ते तपासणारा कोड. सगळ्या टाइल्स माहीत असल्या तरी हा प्रश्न सर्वसाधारणपणे एनपी-कम्प्लीट आहे (म्हणजे टाइल्स वाढत गेल्या तर झटपट सोडवायची खात्रीची रीत कुणाला माहीत नाही), पण ७२ टाइल्सना घाबरायचं कारण नाही, छाटणी नीट केली की झालं. एका चेहऱ्याच्या उरलेल्या सगळ्या टाइल्स, चार असोत की दोन, एकाच वेळी मोकळ्या असतील तर लगेच काढून टाकायच्या, त्यात कधीच तोटा नाही. चारपैकी दोन किंवा तीनच मोकळ्या असतील तर तिथे खरी निवड आहे, तेवढेच फाटे तपासायचे. बघून झालेल्या स्थिती लक्षात ठेवायच्या.

आणि दर चालीला सॉल्व्हर चालवायची गरजच नाही. सुरुवातीचा पट नक्की सुटतो. एकदा डाव अडला की त्याच्यापुढच्या चालींत तो परत सुटणारा होऊ शकत नाही. म्हणजे सगळ्या चाली ओळीत मांडल्या तर आधी सलग 'सुटतो' आणि मग सलग 'नाही सुटत', मधे एकच सीमा. बायनरी सर्च, म्हणजे दर वेळी मधोमध तपासायचं आणि अर्धा भाग सोडून द्यायचा! छत्तीस चालींत जास्तीत जास्त सहा वेळा सॉल्व्हर, दाबल्या दाबल्या उत्तर.

डाव अडलाय हे गेमने आपणहून सांगावं का यावर बराच विचार केला. नाही सांगायचं. जोपर्यंत जुळणारी जोडी दिसतेय तोपर्यंत माणूस खुशीत खेळतोय, मधेच येऊन 'तुमचं चुकलंय' म्हणणारा गेम मला नकोय. जोड्या संपल्या की ते बटण हळूच उजळतं. त्याआधी दाबलं तरी चालतं आणि त्याचे गुण कापले जात नाहीत, कारण गुणच नाहीत.

२२ जुलै

फुलं आणि ऋतूंचं शिकवणं. पानभर सूचना लिहून बघितल्या, कुणी वाचत नाही. आता पहिल्यांदा एखादं फूल निवडलं की बाकीची मोकळी फुलं एकदा किंचित हलतात, मग परत कधीच नाही. काकूंच्या नातवाला न सांगता कळलं.

२६ जुलै

वेब बिल्ड. गोडो ४.३ पासून एका थ्रेडवर वेब एक्स्पोर्ट करता येतं, त्यामुळे सर्व्हरवर खास हेडर लावायची भानगड गेली आणि इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटवर सरळ चाललं. आवाजात मात्र जुन्या फोनवर थोडी खरखर येते, ध्वनी एकावर एक चढतात तेव्हा. एका वेळी दोनच आवाज वाजतील अशी मर्यादा घातली, खरखर गेली.

डाव मधेच सोडला तर सेव्ह दर चालीनंतर होतो, सीड आणि चालींची यादी एवढंच लिहायचं असल्यामुळे फाइल नगण्य आहे, आणि त्यातून अख्खा अनडू इतिहासही परत मिळतो. आठवड्याने उघडलं तरी 'वाट सापडेपर्यंत मागे' चालतं.

२ ऑगस्ट

आईने दीपमाळ पूर्ण केली. विचारलं, ते मागे जायचं बटण वापरलंस का, तर म्हणाली दोनदा, आणि दुसऱ्यांदा तिलाच कळलं की उत्तरेच्या चारांपैकी पायथ्याची आधी काढायला हवी होती. आता तिला वृंदावन हवंय.

वृंदावनाची मांडणी चालू आहे. चौथऱ्याचे कोपरे अर्ध्या घराने सरकवलेत, त्यामुळे कडेची एकेक टाइल दोन ओळी अडवते, कासवाच्या डावीकडच्या टाइलसारखीच, आणि डाव दीपमाळेपेक्षा चांगलाच अवघड होतो. वाटपाचं वजन या मांडणीसाठी वेगळं ठरवावं लागेल. घाटाच्या पायऱ्या त्यानंतर.